शरीराचेही ऐकू या

दुःख मनाचे असते, पण ते वाहतात खांदे, जबडा, पोट आणि श्वासही. भीती वाटली की श्वास अडतो, स्नायू आवळतात. धोका टळल्यावरही काहींचे शरीर सैल होत नाही. झोप येत नाही, छोट्या आवाजानेही दचकायला होते. शरीराच्या या खुणांपासून सुरुवात करणारी पद्धत म्हणजे देहाधारित मानसोपचार.

दडपलेल्या भावना स्नायूंवर जणू चिलखत चढवतात, असे फ्रॉइड यांचे शिष्य विल्हेल्म राइख यांनी मांडले. त्यांचे विद्यार्थी अलेक्झांडर लोवेन यांनी १९५६ मध्ये सहकाऱ्यांसह न्यूयॉर्कमध्ये यासाठी संस्था उभारली. पुढे पीटर लेव्हिन यांनी आघात सोसलेल्यांसाठी अधिक संथ पद्धत आणली.

यात ‘घडलेले सगळे सांगा’ असा आग्रह नसतो. ‘पाय जमिनीला टेकलेले जाणवतात का? श्वास कुठे अडतो?’ असे उपचारक विचारतो. वेदनेच्या आठवणीला थोडेसेच स्पर्शून तो पुन्हा सुरक्षित जाणिवेकडे आणतो. असे करता करता माणूस आपल्या शरीराचे इशारे ओळखू लागतो.

मात्र या पद्धतीवरील संशोधन अजून मर्यादित आहे. उपचारक प्रशिक्षितच हवा, संमतीशिवाय स्पर्श नको आणि चालू औषधे परस्पर बंद करू नयेत.

आपण उपचारक नाही. तरी भेटीला गेल्यावर ‘झाले गेले विसरा’ म्हणण्याऐवजी शेजारी शांत बसणे आपल्याला नक्की जमेल. गरज दिसल्यास टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक अवश्य द्या.