पीठासीन अधिकाऱ्यांचा खर्च : भारित रकमेपासून माहितीच्या अधिकारापर्यंत

विधानसभेचे अध्यक्ष व उपाध्यक्ष आणि विधान परिषदेचे सभापती व उपसभापती यांना एकत्रितपणे पीठासीन अधिकारी म्हटले जाते. जळगाव जिल्ह्याने महाराष्ट्र विधानसभेला दोन अध्यक्ष दिले : रावेर तालुक्यातील खिरोद्याचे मधुकरराव चौधरी (1990 ते 1995) आणि चोपड्याचे अरुणभाई गुजराथी (1999 ते 2004). या दोघांच्या कारकिर्दींमध्ये दहा वर्षांहून कमी अंतर असले, तरी पहिली पूर्णपणे माहितीच्या अधिकाराआधीच्या काळात पार पडली आणि दुसरी तो अधिकार राज्यात कायद्याने मान्य होत असताना. म्हणून पीठासीन अधिकाऱ्यांच्या खर्चाचा मागोवा घेताना हा जिल्हा सोयीचा आरंभबिंदू ठरतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 186 नुसार या अधिकाऱ्यांचे वेतन व भत्ते विधानमंडळ कायद्याने ठरवते, तर अनुच्छेद 202 नुसार ही रक्कम राज्याच्या एकत्रित निधीवर ‘भारित’ असते. भारित खर्च म्हणजे ज्यावर सभागृहात मतदान घेतले जात नाही असा खर्च. मतदानाने मंजूर होणाऱ्या खर्चास ‘दत्तमत’ म्हणतात. सभागृहाचे नियमन करणाऱ्याचे वेतन सत्ताधारी बहुमताच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, हा या तरतुदीमागील हेतू रास्त आहे. मात्र अनुच्छेद 203 ने मतदान वगळले असले तरी चर्चेची मुभा कायम ठेवली आहे, आणि ही मुभा क्वचितच वापरली गेल्यामुळे स्वातंत्र्यासाठी दिलेले संरक्षण प्रत्यक्षात मौनाचे कारण बनले. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांतून एकूण तरतूद छापली जात राहिली. तथापि कोणता दौरा कशासाठी झाला, सोबत कोण होते आणि देयक किती आले, हा तपशील त्या आकड्यांतून कळण्याजोगा नव्हता.

या स्थितीत पहिला बदल लोकचळवळीने घडवला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याच्या माहिती अधिकार कायद्यास ऑगस्ट 2003 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून केंद्रीय माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णपणे अमलात आला. केंद्रीय कायद्याने विधानमंडळालाही ‘सार्वजनिक प्राधिकरण’ मानले, म्हणजे माहिती देण्यास बांधील असलेली संस्था ठरवले. त्यामुळे जळगाव जिल्ह्यातील भडगावच्या रहिवाशालाही कारण न सांगता विधानमंडळ सचिवालयाकडे अर्ज करता येतो आणि त्यास सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. परंतु याच कायद्याने अध्यक्ष व सभापती यांना आपापल्या सभागृहापुरते ‘सक्षम प्राधिकारी’ ठरवून कलम 28 खाली नियम करण्याचा अधिकार दिला, आणि ज्या माहितीमुळे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल ती कलम 8 खाली वगळली. परिणामी ज्यांच्या खर्चाविषयी प्रश्न विचारायचा, तेच उत्तराच्या कार्यपद्धतीचे नियमकर्तेही राहिले.

तरीही कायद्याचा उपयोग झाला. लोकसभेच्या तत्कालीन अध्यक्ष मीरा कुमार यांनी सुमारे तीन वर्षांत 29 परदेश दौरे केले आणि त्यांवर साधारण 10 कोटी रुपये खर्च झाले, हे 2012 मध्ये माहिती अधिकारातूनच उघड झाले. त्याच वर्षी जळगाव जिल्ह्यातील प्रतिभा पाटील, ज्यांनी 1986 ते 1988 या काळात राज्यसभेचे उपसभापतिपद भूषवले होते, त्यांच्या राष्ट्रपतिपदाच्या कारकिर्दीतील परदेश दौऱ्यांचा सुमारे 205 कोटी रुपयांचा हिशेब बाहेर आला. त्यातील सुमारे 169 कोटी एअर इंडियाच्या विमानांचे होते, आणि असे दौरे शासनाच्या सल्ल्याने ठरतात. म्हणजेच एकूण आकडा कळला तरी त्याची फोड कळल्याशिवाय व्यक्तीविषयी न्याय्य मत बनवता येत नाही, हेही त्या प्रकरणाने दाखवले.

परदेशांतील अनुभव येथे उपयोगी ठरतो. ब्रिटनमध्ये 2009 साली खासदारांच्या भत्त्यांचा तपशील फुटल्यानंतर सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडावे लागले आणि भत्ते ठरवण्यासाठी व प्रसिद्ध करण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण झाले. ऑस्ट्रेलियात सभापती ब्रॉन्विन बिशप यांनी मेलबर्न ते जिलाँग या छोट्या अंतरासाठी 5,000 डॉलरांहून अधिक भाड्याचे हेलिकॉप्टर वापरल्याचे उघड होताच त्यांनी ऑगस्ट 2015 मध्ये राजीनामा दिला, आणि पुढे तेथेही स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली. दोन्ही देशांत वादातून निघालेला निष्कर्ष एकच होता : तपासणी सभागृहाबाहेरच्या संस्थेने करावी आणि दावे ठरलेल्या मुदतीने आपोआप प्रसिद्ध व्हावेत.

महाराष्ट्रात माहिती अधिकारानंतरची ही दुसरी पायरी अद्याप गाठलेली नाही. ऑगस्ट 2016 मध्ये विधिमंडळाने आमदारांच्या वेतनात मोठी वाढ केली, पण खर्चाच्या तपशिलाच्या नियमित प्रसिद्धीची अट तिला जोडली गेली नाही. मे 2025 मध्ये विधिमंडळाच्या अंदाज समितीच्या दौऱ्यावेळी धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहातील एका खोलीत 1 कोटी 84 लाख रुपयांची रोकड आढळली. समितीच्या अध्यक्षांनी त्यावरून झालेले आरोप फेटाळले. हे प्रकरण भत्त्यांच्या दाव्याचे नव्हते, त्यामुळे ते या विषयाशी एकरूप मानता येणार नाही. मात्र विधिमंडळाच्या दौऱ्यांविषयी जनतेला पुरेशी माहिती नसली की संशयाला किती मोकळी जागा मिळते, हे खानदेशाने त्यावेळी पाहिले.

माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 प्रत्येक प्राधिकरणास अर्जाची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करण्यास सांगते. त्याच्या आधारे पीठासीन अधिकाऱ्यांनी प्रवास, आतिथ्य, वाहने व निवासस्थान यांवरील खर्च दर तिमाहीस शीर्षनिहाय प्रसिद्ध करावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, त्यांची स्वतःची स्वाक्षरी पुरेशी आहे.