घराची किंमत आणि व्हॅल्युअरची फाइल

वडिलांच्या पश्चात राहत्या घराची वाटणी करायचे ठरले. थोरल्या भावाने व्हॅल्युअर बोलावला, त्याची फीही भरली. अहवालातला आकडा धाकट्या बहिणीला फारच कमी वाटला. ती तडक व्हॅल्युअरच्या कार्यालयात गेली.

"घर माझ्याही वडिलांचं आहे. तुमची फाइल मला दाखवा."

"ताई, काम तुमच्या दादांनी दिलंय. त्यांचं संमतीपत्र आणा, लगेच दाखवतो."

बहिणीला वाटले, हे दोघे एकमेकांना सामील आहेत. त्या दिवसापासून दोन्ही घरांत अबोला सुरू झाला.

प्रत्यक्षात व्हॅल्युअरचे काहीच चुकले नव्हते. ज्याने काम सोपवले तो त्याचा अशील. घरात इतरांचा वाटा असला, तरी तेवढ्यावरून ते अशील ठरत नाहीत.

फाइलमध्ये असते काय?

अहवाल चार पानांचा असला तरी फाइल जाडजूड असते. खोल्यांची मोजमापे, फोटो, शेजारच्या विक्रीचे दर, रेडी रेकनरचा भाव, घसाऱ्याचा हिशेब. शिवाय भाडेकरूचे भाडे, घरावरचे कर्ज अशा विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीही तीत असतात. म्हणूनच ती कोणाच्याही हाती देता येत नाही.

आपल्याकडे 2017 च्या नियमांनुसार कंपनी कायद्याखालील मूल्यांकनाच्या नोंदी किमान तीन वर्षे जपाव्या लागतात आणि गोपनीयताही पाळावी लागते. अमेरिकेत ही मुदत निदान पाच वर्षांची आहे. व्हॅल्युअरने न्यायालयात साक्ष दिली असेल, तर निकालानंतर आणखी दोन वर्षे फाइल ठेवावी लागते. दोन्हींपैकी जी मुदत उशिरा संपेल, ती धरायची.

फी आपली, अशील बँक

गृहकर्जातही हाच गोंधळ होतो. फी कर्जदाराच्या खिशातून जाते, पण व्हॅल्युअरला नेमते बँक. त्यामुळे अहवाल हवा असेल तर व्हॅल्युअरशी हुज्जत न घालता बँकेकडे लेखी अर्ज करावा. अमेरिकेत 2014 पासून, राहते घर प्रथम तारण ठेवून कर्ज मागणाऱ्याला अहवालाची प्रत देणे हे कर्ज देणाऱ्या संस्थेचे कर्तव्य आहे. फाइल मात्र तिथेही बंदच राहते.

मग आपण काय करावे?

वाटणी करायची असेल तर सर्व वारसांनी मिळून एकच नेमणूकपत्र द्यावे. प्रत्येकाला अहवालाची प्रत मिळेल आणि प्रश्न विचारता येतील, असे त्यातच लिहून घ्यावे. फीही वाटून घ्यावी.

आकडा पटला नाही तर फाइलसाठी भांडण्यापेक्षा स्वतःचा व्हॅल्युअर नेमावा. मात्र दोन्ही मूल्यांकने एकाच तारखेची असावीत, नाहीतर तुलना फसते. प्रकरण न्यायालयात गेलेच, तर न्यायालय समन्स काढून कागदपत्रे मागवू शकते.

अहवालाची प्रत खरेदीखताबरोबर जपून ठेवावी. घर 1 एप्रिल 2001 पूर्वीचे असेल, तर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात त्या तारखेची किंमत उपयोगी पडते. तोवर व्हॅल्युअरची फाइल रद्दीत गेलेली असू शकते.

आपल्या कथेतल्या भावाने अखेर संमतीपत्रावर सही केली. फाइल उघडली तेव्हा कळले, गच्चीवरची खोली मोजायचीच राहिली होती. आकडा दुरुस्त झाला. त्या दिवाळीत बहीण भाऊबीजेला माहेरी आली.

हीच सही पहिल्याच दिवशी झाली असती, तर मधला अबोला टळला नसता का?