अवघड शब्द आणि गमतीचीं वाक्यें

‘अजागलस्तन’ हा शब्द कोशांत पाहून ‘निरुपयोगी वस्तु’ असा अर्थ वहींत उतरून घेणारे विद्यार्थी पुष्कळ. पण तोच शब्द निबंधांत योजावयास सांगितला कीं त्यांची लेखणी अडते. अर्थ पाठ होतो, शब्द मात्र परकाच राहतो. यावर आम्हांस एक सोपा उपाय दिसतो. त्या शब्दाचें एक गमतीचें वाक्य करावें. कांहीं शेळ्यांच्या गळ्याशीं स्तनासारखे दोन मांसल लोंबते भाग असतात, त्यांतून दूध निघत नाहीं. त्यावरून हा शब्द झाला. आतां वाक्य पाहा : ‘मामांच्या मनगटावरील घड्याळ म्हणजे अजागलस्तन, वेळ विचारली कीं मामा सूर्याकडे पाहतात.’

वाक्य कसलेंही करून मात्र भागत नाहीं. ‘बंडूनें पिष्टपेषण केलें’ यांत त्या शब्दाच्या जागीं ‘जेवण’ घातलें तरी वाक्य बिघडत नाहीं; म्हणून तें व्यर्थ. पिष्ट म्हणजे दळलेलें, पेषण म्हणजे दळणें. सांगितलेलेंच पुनः सांगणें असा अर्थ. ‘वक्त्यांनीं इतकें पिष्टपेषण केलें कीं, श्रोत्यांस भाकरीची आठवण झाली.’ विनोद असा शब्दाच्या पोटांतून निघावा. बाहेरून चिकटविलेला विनोद ध्यानांत राहतो आणि शब्द निसटतो.

‘गजनिमीलिका’ म्हणजे हत्तीसारखे डोळे मिटून घेणें, पाहून न पाहिल्यासारखें करणें. ‘बंडूनें तिसरा लाडू उचलला तेव्हां आजीनें गजनिमीलिका केली, धाकट्या बहिणीनें केली नाहीं.’

खरी अडचण ‘परोक्ष’ आणि ‘अपरोक्ष’ या जोडीपाशीं येते. अक्ष म्हणजे डोळा. डोळ्यांआड तें परोक्ष, डोळ्यांसमोर तें अपरोक्ष. परंतु पुष्कळ मंडळी, चांगलीं शिकलेलीं देखील, ‘अपरोक्ष’ हा शब्द ‘पाठीमागें’ या अर्थीं वापरतात, व तो अर्थ बराच रूढ झाला आहे. ‘तुमच्या अपरोक्ष पैसे दिले’ असें पत्रांत आलें, तर देतेवेळीं आपण हजर होतों कीं नव्हतों, हेंच कळेनासें होतें. पैशाच्या व्यवहारांत हा घोटाळा हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. म्हणून मुलांनीं एवढें वाक्य जवळ ठेवावें : ‘मांजर आईच्या अपरोक्ष डोळे मिटून बसतें आणि परोक्ष दूध पितें.’

शब्द हुडकण्यास मोल्सवर्थ यांचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ति १८५७) अजूनहि चांगला आहे, त्यांत अर्थांबरोबर वाक्प्रचार आणि म्हणीहि सांपडतात. घरीं जेवतांना आईबापांनीं एक शब्द द्यावा व मुलांनीं वाक्य करावें. शब्द झांकून तें वाचावें. मोकळ्या जागेंत दुसरा शब्द सहज बसला, तर वाक्य पुनः करावें. वाक्यांत वर्गमित्राचें नांव घालण्याचा मोह होतो. मामा, बंडू व मांजर यांवरच भागवावें, तीं तक्रार करीत नाहींत.

एक शब्द वाचकांसाठीं राखून ठेवतों : ‘घुणाक्षर’. घुण नांवाचा किडा लांकूड पोखरीत जातो, आणि त्या रेघांत क्वचित्‌ एखादें अक्षर उमटलेलें दिसतें. किड्यास अर्थात्‌ त्याची वार्ता नसते. याचें वाक्य तुम्हीच करा.