एचटी-२ : घाटग्यांनी आखलेलं विमान

कंधारहून उदगीरमार्गे दक्षिणेला गेलं की महाराष्ट्राची हद्द संपते आणि बीदर लागतं. निजामाच्या राजवटीत हा सगळा एकच मुलूख होता. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तर १९५६पर्यंत बीदर जिल्ह्याचेच तालुके होते. या बीदरमध्ये हवाईदलाचा तळ आहे. साठच्या दशकात तिथं प्राथमिक उड्डाणशाळा सुरू झाली. वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांनी आयुष्यातलं पहिलं उड्डाण ज्या विमानातून केलं, ते एचटी-२. पुढं याच तळावरून 'सूर्यकिरण' पथकाची नऊ विमानं आपल्या कसरतींसाठी देशभर गाजली. ती होती किरण जातीची. ही दोन्ही विमानं ज्यांच्या नेतृत्वाखाली आखली गेली ते डॉ. विष्णू माधव घाटगे आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावचे. मराठवाड्याच्या उंबऱ्यावर एका मराठी माणसाची विमानं कित्येक वर्षं उडत राहिली आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतून त्याचं नावही मुलांना भेटत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

घाटगे १९०८ साली जन्मले. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत गॉटिंगेनला गेले आणि तिथं लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विमानशास्त्रात प्रांट्ल यांच्याइतका मोठा गुरू त्या काळी दुसरा नव्हता. पंखावरून हवा वाहते तेव्हा पृष्ठभागाला लगटून असलेल्या अगदी पातळ थरात तिचा वेग झपाट्यानं बदलतो आणि विमानाला होणारा बराचसा विरोध या थरावर अवलंबून असतो, हे प्रांट्ल यांनी १९०४ सालीच मांडलं होतं. ही विद्या घेऊन घाटगे परतले, तेव्हा देशात विमान बनवणारा एकही कारखाना नव्हता.

तो कारखाना काढला सोलापूरच्या मातीत वाढलेल्या वालचंद हिराचंद यांनी. म्हैसूर संस्थानाची साथ घेऊन त्यांनी डिसेंबर १९४०मध्ये बंगळूरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट'ची स्थापना केली. घाटगे सुरुवातीलाच तिथं दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत कारखान्याचा बहुतेक वेळ परदेशी विमानांची जुळणी आणि दुरुस्ती करण्यात गेला. तरी त्याच काळात घाटग्यांनी सैनिक वाहून नेणारं एक ग्लायडर आखलं. भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचं शिक्षण सुरू करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. कारखाना आणि वर्ग अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी एकाच वेळी माणसं घडवली.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपले वैमानिक टायगर मॉथवर शिकत होते. हे ब्रिटिश विमान १९३१ सालचं, दुपंखी आणि कापड मढवलेलं. त्याची जागा घेणारं विमान बाहेरून आणता आलं असतं. घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्वतः आखायचं ठरवलं. तेच एचटी-२. त्याचं पहिलं उड्डाण ऑगस्ट १९५१मध्ये झालं आणि वैमानिक होते कॅप्टन जमशेद मुन्शी. भारतात आखलेलं आणि मोठ्या संख्येनं बनलेलं हे पहिलं विमान.

एचटी-२ची रचना बघितली की आखणाऱ्यानं विद्यार्थ्याचा किती विचार केला होता ते कळतं. एकच पंख, तोही धडाच्या खालच्या अंगाला. आसनं दोन, एकामागं एक, आणि दोन्हीकडं चालवण्याची सगळी साधनं, म्हणजे विद्यार्थी चुकला तर शिक्षकाला त्याच क्षणी विमान हाती घेता यावं. पंखांचा विस्तार पावणेअकरा मीटरच्या आसपास, लांबी साडेसात मीटर, भरलेलं वजन १,०१६ किलो. पुढं १५५ अश्वशक्तीचं ब्रिटिश सिरस मेजर इंजिन आणि कमाल वेग ताशी सुमारे २०९ किलोमीटर. बांधणी संपूर्ण धातूची होती आणि आपल्या हवेला ते फार मानवणारं होतं. उन्हानं आणि पावसाळी दमटपणानं कापड व लाकूड लवकर खराब होतं, पत्रा टिकतो.

चाकांची मांडणीही जुन्या पद्धतीची ठेवली होती. दोन मोठी चाकं पुढं आणि एक छोटं शेपटीखाली. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागं पडतो, त्यामुळं धावपट्टीवर ते जरा वाकडं झालं की आणखी वाकडं होऊ बघतं. विद्यार्थ्याला पायांनी सुकाणू सतत सांभाळावं लागतं. शिकाऊ विमान फार अवघड असून चालत नाही, तसं फार सोपं असूनही चालत नाही. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधलेला भोपळा एक दिवस सोडावाच लागतो. एचटी-२ मुलांना कोलांट्या घेऊ देई, फिरकीत शिरून बाहेर यायला शिकवी आणि निष्काळजीपणाची जाणीवही लगेच करून देई.

अशी १७० हून अधिक विमानं बनली. हवाईदलाला, नागरी उड्डाणसंस्थांना ती मिळाली आणि काही नव्यानं उभ्या राहणाऱ्या घानाच्या हवाईदलालाही गेली. पण मला या संख्येपेक्षा मोठा वाटतो तो पुढचा क्रम. १९५८मध्ये उड्डाणसंस्थांसाठी ९० अश्वशक्तीचं दोन आसनी 'पुष्पक' आलं. त्याचा आधार एका अमेरिकी विमानाचा होता. सप्टेंबर १९६४मध्ये 'किरण' हे जेट उडालं. हलक्या विमानावर हात बसलेल्या लोकांनी तेरा वर्षांत जेटपर्यंत मजल मारली.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडमध्येही असंच घडलं होतं. वॉर्सा पॉलिटेक्निकच्या रोगाल्स्की, विगुरा आणि जेवियेत्स्की या तीन विद्यार्थ्यांनी विमानं आखायला घेतली. त्यांच्या आडनावांच्या रोमन आद्याक्षरांवरून या मालिकेला आरडब्ल्यूडी हे नाव पडलं. १९३२मध्ये त्यांच्या आरडब्ल्यूडी-६नं युरोपातली मोठी हलक्या विमानांची स्पर्धा जिंकली. काही आठवड्यांतच वैमानिक झ्विर्को आणि स्वतः विगुरा त्याच विमानाच्या अपघातात गेले. मित्रांनी काम सोडलं नाही. १९३३मध्ये स्कार्झिन्स्की या वैमानिकानं आरडब्ल्यूडी-५ जातीच्या एका छोट्या एक आसनी विमानातून एकट्यानं दक्षिण अटलांटिक पार केला, ३,५८२ किलोमीटर. ज्या आरडब्ल्यूडी-८वर पोलंडची तरुण पिढी उडायला शिकली, तेही याच मंडळींचं. १९३९च्या आक्रमणानं हे सगळं मोडलं. त्या युद्धानं देशोधडीला लागलेले हजारो पोलिश लोक कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले, घाटग्यांच्याच जिल्ह्यात.

कॉलेजच्या कार्यशाळेत बसेल एवढ्या विमानातून पोलंडनं विमानविद्या उभी केली. आपल्याकडं एचटी-२नं तेच काम केलं, पण आपण ती साखळी नीट ओवत ठेवली नाही. एचटी-२ नंतरचं शिकाऊ विमान, एचपीटी-३२ दीपक, १९७७मध्ये पहिल्यांदा उडालं. इंजिन हवेत बंद पडण्याच्या त्रासामुळं आणि अपघातांमुळं २००९मध्ये ते जमिनीवर ठेवावं लागलं, तेव्हा त्याचा वारस तयार नव्हता. मग स्वित्झर्लंडकडून ७५ पिलाटस विमानं घ्यावी लागली. आपलं एचटीटी-४० उडालं ते २०१६ साली, दीपकनंतर एकोणचाळीस वर्षांनी. २०२३मध्ये अशा ७० विमानांची मागणी नोंदवली गेली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मधल्या चार दशकांत आखणाऱ्यांची एक अख्खी पिढी काम न मिळता निघून जाते आणि ती पैसे मोजून परत आणता येत नाही.

कंधार, लोहा, मुखेडची मुलं आज नांदेडला श्री गुरुगोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत शिकायला जातात. रोगाल्स्की आणि त्याचे मित्र विमान आखायला बसले तेव्हा याच वयाचे होते. घाटगेही एका खेड्यातून निघाले होते. आपल्या मुलांना लढाऊ विमानांची चित्रं आपण पुष्कळ दाखवतो. त्यांच्या हाती एका हलक्या विमानाचा नकाशा द्यायला हवा आणि पंखाची जाडी किती ठेवायची, शेपूट किती लांब ठेवायची, हे त्यांचं त्यांना ठरवू द्यायला हवं. मोठं विमान आखणारा माणूस दरवेळी असल्या छोट्या विमानातूनच तयार झाला आहे.