‘होयबा’ ठरलेले भावनगरी

दादाभाई नौरोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेले, हे आपण शाळेत शिकलो. त्यांच्यामागून तीनच वर्षांनी मुंबईचेच आणखी एक पारशी गृहस्थ तिथे जाऊन बसले आणि दहा वर्षे टिकले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. त्यांचे नाव सर मंचेरजी भावनगरी.

जन्म मुंबईतला, १८५१चा. आधी पत्रकारिता, मग भावनगर संस्थानचे मुंबईतले एजंट, पुढे लंडनला बॅरिस्टर. १८९५ मध्ये लंडनच्या पूर्वेकडच्या बेथ्नल ग्रीन या कामगार वस्तीतून हुजूर पक्षाने त्यांना उभे केले. समोर जॉर्ज हॉवेल, मूळचे गवंडी आणि नावाजलेले कामगार पुढारी. भावनगरी १६० मतांनी निवडून आले. त्याच निवडणुकीत दादाभाई पडले.

इकडे काँग्रेसवाल्यांना हा माणूस मुळीच आवडला नाही, आणि त्यात नवल नव्हते. इंग्रजी राज्याचे गोडवे गाणारे, स्वराज्याच्या मागणीला विरोध करणारे! इंग्रजीत त्यांचे आडनाव जरा ओढूनताणून वाचले, तर ‘बो अँड अग्री’ होते, म्हणजे मान लववा आणि हो म्हणा. टोपणनाव चिकटले ते चिकटलेच.

पण दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न आला की हेच गृहस्थ मान लववायला तयार नसत. ट्रान्सव्हालमध्ये बोअर राजवटीने हिंदी लोकांना जमीन घेण्यास बंदी केली होती, वेगळ्या वस्तीत राहण्याची सक्ती केली होती. बोअर युद्धाआधी इंग्रज मंत्री या अन्यायाबद्दल मोठ्या तावातावाने बोलत. १९०२ मध्ये युद्ध संपले, ट्रान्सव्हाल इंग्रजांच्या हाती आले आणि तेच जुने कायदे अधिक कसोशीने राबवले जाऊ लागले. जोहान्सबर्गहून गांधीजी दादाभाईंना लिहीत, तसेच भावनगरींनाही. सरकार स्वतःच्याच पक्षाचे असताना भावनगरींनी सभागृहात हा विषय लावून धरला. १९०४ मध्ये त्यांनी वसाहतमंत्री लिटल्टन यांना सविस्तर निवेदन दिले, आणि ते ट्रान्सव्हालच्या लॉर्ड मिल्नरकडे पाठवले गेले.

१९०६ च्या लिबरल लाटेत भावनगरींची जागा गेली. दादाभाईही त्या वेळी दुसऱ्या मतदारसंघातून हरले. मात्र त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला गांधीजींचे शिष्टमंडळ नव्या वसाहतमंत्र्यांना, लॉर्ड एल्गिन यांना भेटले, तेव्हा हे दोघे राजकीय विरोधक त्यात एकत्र होते. हिंदी लोकांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायला लावणारा वटहुकूम त्या वेळी रोखला गेला. पण १९०७ मध्ये ट्रान्सव्हालला स्वायत्तता मिळाली आणि तोच कायदा नव्याने मंजूर झाला.

भावनगरी १९३३ मध्ये लंडनलाच वारले. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास गांधीजींनी १९२३ मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगात लिहायला घेतला. इंग्रजांच्या तुरुंगात बसून लिहायला घेतलेल्या त्या पुस्तकात, इंग्रजांच्या या निष्ठावंताने केलेल्या मदतीचीही नोंद आहे.