नव्या गड्याला मॅट कधी मिळते? आपल्या अस्लमचं उदाहरण

अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये नवख्या खेळाडूला किती मिनिटं द्यायची, यावर चाहते तावातावाने भांडतात. तोच प्रश्न प्रो कबड्डीतही आहे, फक्त जास्त कठोर. बास्केटबॉलमध्ये नव्या पोराला पाच मिनिटं खेळवून पुन्हा बसवता येतं. कबड्डीत सामना 40 मिनिटांचा, मॅटवर सातच गडी, आणि बाद झालेला गडी आपल्या संघाने समोरचा गडी टिपेपर्यंत बाहेरच. पहिल्याच चढाईत पकड झाली, तर पुढची कितीतरी मिनिटं नुसती बघण्यात जातात. म्हणून प्रशिक्षक नव्यांवर डाव लावायला कचरतात.

आता आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार बघा. आठव्या हंगामात, डिसेंबर 2021 मध्ये, तो पुणेरी पलटणकडून उतरला. संघात राहुल चौधरी, नितीन तोमर असे बडे चढाईपटू होते! तरी प्रशिक्षक अनुप कुमारने अस्लम आणि मोहित गोयत या दोन नव्या पोरांवर चढायांचा भार टाकला. माझ्या मते त्या हंगामातला हा सगळ्यात धाडसी निर्णय. पकड झाली तरी पुढच्या सामन्यात अस्लम पुन्हा मॅटवर दिसायचा, आणि चढाईइतकाच बचावातही राबायचा.

पुढे 2023 ला आशियाई सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघात तो होता. 1 मार्च 2024 ला त्याच्याच नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून प्रो कबड्डीचं आपलं पहिलं विजेतेपद जिंकलं, आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

तालुक्याच्या संघांच्या प्रशिक्षकांनो, राखीव बाकावरच्या पोरांना यंदा सलग चार सामने खेळवून बघाच.