चालता चालता वायफाय का तुटते?

तालुक्याच्या गावी एखाद्या मोठ्या कचेरीत किंवा दवाखान्यात गेलात, तर जरा मान वर करून छताकडे पहा. जागोजागी पांढऱ्या चपट्या डब्या बसवलेल्या दिसतील. बारीकसा हिरवा नाही तर निळा दिवा त्यांवर लागलेला असतो. त्या वायफायच्या डब्या. इंग्रजीत अशा डबीला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. आपण तिला डबीच म्हणू.

वायफाय हा शब्द तुम्हाला नवा नाही. घरातल्या पोरांच्या तोंडी तो सारखा असतो. तरी थोडक्यात सांगतो. इंटरनेट तारेने इमारतीपर्यंत येते. तेथून पुढे तार न लावता ते मोबाईलपर्यंत पोचवायचे काम ही डबी करते. रेडिओच्या लहरी असतात ना, तशाच लहरींनी. मात्र एक फरक आहे. रेडिओचे केंद्र बोलते आणि आपण नुसते ऐकतो. येथे डबी बोलते आणि मोबाईलही उलट बोलतो. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे. या बोलण्याचे पहिले नियम १९९७ साली ठरले. वायफाय हे नाव मिळाले १९९९ साली.

डबीचा आवाज फार लांब जात नाही. दगडी भिंत आली, लोखंडी कपाट आले, की तो मंदावतो. म्हणून लांबलचक इमारतीला एक डबी पुरत नाही. कोठे चार लागतात, कोठे चाळीस. आणि अडचण सुरू होते ती येथेच. कारण माणूस काही एका जागी बसून राहत नाही.

असे समजा, दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक आजारी माणूस खाटेवर आहे. सिस्टर मोठ्या शहरातल्या डॉक्टरांशी मोबाईलवर बोलत आहेत. बोलणे वायफायवरून चालले आहे. बोलता बोलता त्या पुढच्या खोलीतून निघाल्या आणि लांब पडवीतून खाटेकडे चालल्या. औषध किती द्यायचे ते डॉक्टर सांगत आहेत. नेमके त्याच वेळी बोलणे तुटले. "हॅलो, हॅलो!" आता पुन्हा फोन लावा, पुन्हा सगळे सांगा. औषधाचा आकडा पुरा ऐकू आला की अर्धाच? ही काही साधी गोष्ट नव्हे.

कचेरीत याहून कमी बिकट, पण रोजचे. आम्ही पेन्शनवाले. हयातीचा दाखला आता मोबाईलसमोर चेहरा धरूनही देता येतो. एका कचेरीत, नाव सांगत नाही, आम्हाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवले. कारकून मोबाईल हातात धरून पुढे, आम्ही मागे. दारातून आत गेलो की चक्र फिरत राही आणि सगळे काम पहिल्यापासून. असे तीनदा झाले. कारकून म्हणाला, "गुरुजी, मोबाईल जुना झाला हो. नवा घ्यायला पाहिजे."

मोबाईल जुना नव्हता. दोष दुसरीकडेच होता.

पुष्कळांची समजूत अशी की, एक डबी मोबाईलचा हात धरून तो दुसऱ्या डबीच्या हाती देते. एसटीने जाताना तसे होते खरे. गाडी पळत असते, एक टॉवर मागे पडतो, दुसरा जवळ येतो, आणि बोलणे चालूच राहते. कोणत्या टॉवरवर जायचे याचा हुकूम तेथे मोबाईल कंपनीची यंत्रणा देते. वायफायचे तसे नाही. वायफायमध्ये कोणत्या डबीला सोडायचे, केव्हा सोडायचे आणि कोणती धरायची, हे मोबाईल स्वतः ठरवतो. डबी फार तर सुचवू शकते. ऐकायचे की नाही, ती मोबाईलची मर्जी.

मग मोबाईल ठरवतो तरी कसे?

प्रत्येक डबी सेकंदाला सुमारे दहा वेळा हाळी देत असते. "मी अमुक डबी, माझे नाव अमुक." आपल्या कानाला ते कळत नाही, मोबाईलला कळते. हाळी किती जोरात आली हे मोबाईल मोजतो. या मापाचे आकडे वजा असतात. थंडीचे असतात ना, वजा पाच, वजा दहा, तसे. वजा ५० म्हणजे डबी अगदी जवळ, आवाज खणखणीत. वजा ७० म्हणजे आवाज उतरला. वजा ८० म्हणजे कसाबसा ऐकू येतो.

आयफोन बनवणाऱ्या ॲपल कंपनीने आपल्या फोनचा नियम छापून जाहीर केला आहे. आवाज वजा ७० च्या खाली गेला, की फोन दुसरी डबी शोधू लागतो. दुसरी सापडली म्हणून लगेच उडी मारत नाही. काम चालू असेल, तर नवी डबी जुनीपेक्षा ८ ने वरचढ असली पाहिजे. जुनी वजा ७५ असेल, तर नवी निदान वजा ६७ हवी. बाकीच्या कंपन्यांचे आकडे वेगवेगळे असतात, पण रीत साधारण हीच.

हे ८ कशासाठी? तसे नसते तर दोन डब्यांच्या मधोमध उभा असलेला मोबाईल घडीत इकडे, घडीत तिकडे करीत बसला असता. धड ना इकडचा ना तिकडचा. म्हणून त्याला थोडा हट्टी ठेवला आहे. पण काही मोबाईल फारच हट्टी निघतात. डोक्यावर नवी डबी असते, आणि हे महाशय पार मागच्या खोलीतल्या जुन्या डबीला चिकटून असतात. आवाज तुटतो तो अशा वेळी.

आता खुद्द बदलीच्या वेळी काय होते ते पाहू. मोबाईलला तीन कामे करावी लागतात. आधी नवी डबी शोधायची. मग तिच्याकडे आपली ओळख पटवायची. आणि मग, "माझा माल आता या डबीकडे पाठवा", असा निरोप मागच्या तारांना पोचवायचा. तिसरे काम नवी डबीच त्याच्या वतीने करते आणि ते झटकन होते. वेळ जातो तो पहिल्या दोघांत.

शोध घेण्याचे काम किचकट आहे. सगळ्या डब्या एकाच वाटेवर बोलत नाहीत. लहरींचे निरनिराळे मार्ग ठरलेले आहेत. वायफायच्या जुन्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीनच मार्गांवर शेजारच्या डब्या एकमेकींच्या अंगावर न येता बोलू शकतात. नव्या पट्ट्यात पुष्कळ जास्त मार्ग आहेत, पण तो आवाज भिंतीतून कमी जातो. मोबाईलला आपले चालू बोलणे क्षणभर बाजूला ठेवून एकेका मार्गावर कान द्यावा लागतो. मार्ग जितके जास्त, तितका वेळ जास्त.

ओळख पटवणे त्याहून वेळखाऊ होऊ शकते. घरच्या साध्या पासवर्डाला फारसा वेळ लागत नाही. पण मोठ्या कचेरीत प्रत्येक माणसाचे नाव व पासवर्ड निराळा असतो. तो एका मुख्य यंत्राकडे तपासायला जातो. या जाण्यायेण्यात अर्धा सेकंद जातो, कधी पुरा सेकंदही.

तुम्ही म्हणाल, एका सेकंदाने असे काय बिघडते? संदेश असेल तर काहीच बिघडत नाही. तो पत्रासारखा असतो. थोडा थांबतो, पुन्हा पाठवला जातो. बोलण्याचे तसे नाही. आपले बोलणे बारीक तुकडे करून पाठवले जाते, सेकंदाला साधारण पन्नास तुकडे. एक सेकंद गेला की पन्नास तुकडे गळले. "दोन गोळ्या द्या" मधले "दोन" त्यात सहज जाईल.

यावर जाणत्या लोकांनी तोड काढली. पालखी गावाच्या शिवेवर येते, तेव्हा पुढच्या गावची मंडळी आधीच तेथे येऊन उभी असतात. कोण आले, कोठून आले, अशी चौकशी तेथे कोणी करीत बसत नाही. खांदा बदलतो आणि पालखी पुढे चालते. डब्यांनाही तसेच शिकवले. २००८ साली दोन नवे नियम आले. एकाने असे केले की, शेजारी कोणत्या डब्या आहेत आणि त्या कोणत्या मार्गावर बोलतात, ही यादी डबीच मोबाईलला देते. मग त्याला सगळीकडे कान देत फिरावे लागत नाही. दुसऱ्याने असे केले की, एकदा ओळख पटली की तिची खूण बाकीच्या डब्यांनाही कामी येते. मुख्य यंत्राकडे पुन्हा जावे लागत नाही. हे सगळे नीट बसले तर सेकंदाच्या विसाव्या भागातही बदली उरकते, आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पुढे २०११ साली तिसरा नियम आला. "तू आता पलीकडच्या डबीकडे गेलास तर बरे", असे डबी त्यानुसार मोबाईलला सुचवू शकते. मघाशी सांगितले ते सुचवणे हेच.

पण हे नियम डबीत नुसते असून चालत नाही. ते चालू करावे लागतात. मोबाईललाही ते ठाऊक असावे लागतात. फार जुन्या मोबाईलना ते ठाऊक नसतात.

आता पैशाची गोष्ट. हल्ली पुष्कळ गावांत ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची तार आली आहे. पंचायत, शाळा, आरोग्य केंद्र यांना वायफाय बसवायची बोलणी चालतात. दुकानदार येतो आणि म्हणतो, "ही डबी जोरदार आहे, भिंतीपलीकडे जाते. आवाज पुरा वाढवून देतो." गावकरी खूश होतात. आम्हाला विचाराल तर फसगत होते ती याच वाक्यावर.

देवळावरचा कर्णा आठवा. हरिनाम सप्ताहात कर्ण्याचा आवाज दूर मळ्यात स्वच्छ ऐकू येतो. पण मळ्यातून तुम्ही "ओ बुवा" म्हणून कितीही ओरडलात, तर देवळात ऐकू जाईल काय? नाही जायचे. डबीचा कर्णा मोठा, मोबाईलचा गळा लहान. मोबाईलला डबी ऐकू येते, म्हणून तो तिला सोडीत नाही. पण त्याचे बोलणे डबीपर्यंत पोचत नाही. वर पट्ट्या भरलेल्या दिसतात आणि काम मात्र होत नाही. दुसरेही एक आहे. दोन वाड्यांत एकाच वेळी सप्ताह बसला आणि दोन्हीकडे कर्णे पुरे सोडले, तर मधल्या वाटेवर उभे राहून काय कळते? ना हा अभंग, ना तो. एकाच मार्गावर बोलणाऱ्या दोन डब्या जोरात ओरडल्या, की हेच होते. म्हणून आवाज बेताचा हवा. एका डबीची हद्द संपण्याआधी दुसरीची थोडी सुरू व्हावी, आणि शेजारणींचे मार्ग निरनिराळे असावेत. बस्स.

दुसरी चूक नावाची. 'कचेरी एक', 'कचेरी दोन', 'कचेरी तीन' अशी तीन डब्यांना तीन नावे दिलेली आम्ही पाहिली आहेत. मोबाईलला ती तीन परकी घरे वाटतात. मग शेजारधर्माचे वरचे नियम तेथे चालत नाहीत. सगळ्या डब्यांना एकच नाव व एकच पासवर्ड पाहिजे.

पण तेवढ्यानेही भागत नाही. घरगुती डब्या बाजारातून आणून नुसत्या रांगेने लावल्या, तर प्रत्येक डबी आपापला संसार वेगळा थाटते आणि मोबाईलला आपला वेगळा पत्ता देते. मोबाईल दुसऱ्या डबीकडे गेला की त्याचा पत्ता बदलतो. पलीकडचा माणूस जुन्याच पत्त्यावर बोलत राहतो. बोलणे तुटले. आमच्या हयातीच्या दाखल्याचे घोडे अडले होते ते येथेच. म्हणून पत्ता देणारे यंत्र एकच ठेवावे, आणि बाकीच्या डब्यांनी नुसते पोस्टमनचे काम करावे. डब्यांमध्ये ही सोय बहुधा असते, बसवणाऱ्याने ती लावायची असते. प्रत्येक डबीपर्यंत तार नेली तर उत्तम. तारेचा खर्च वाचवण्यासाठी हवेतूनच आवाज उचलून पुढे देणारी डबी लावतात. तिला एकच गोष्ट दोनदा बोलावी लागते, म्हणून वेग निम्म्यावर येतो.

ग्रामसभेत हा खर्च निघाला तर विचारायला लाजू नका. नाव एक आहे काय? पत्ता देणारे यंत्र एक आहे काय? शेजारच्या डब्यांचे मार्ग वेगळे ठेवले काय? आवाज बेताचा केला काय? दुकानदाराला उत्तर देता आले नाही, तर त्याने ज्याला येते त्याला घेऊन यावे.

डब्या बसल्यावर परीक्षा घ्यायची ती अशी. एका माणसाने आपल्या मोबाईलचा नेट बंद करावा, नुसते वायफाय चालू ठेवावे, आणि वायफायवरून दुसऱ्याला फोन लावावा. दुसऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन बाहेर पाराखाली बसावे. पहिल्याने एक, दोन, तीन असे सावकाश आकडे म्हणत साऱ्या इमारतीतून चालावे. पुढच्या दारापासून मागच्या खोलीपर्यंत, जिना असेल तर जिन्यावरूनही. त्याच्याबरोबर एका मुलाने खडू घेऊन चालावे आणि दर पाचव्या आकड्याला जमिनीवर तो आकडा लिहावा. बाहेरच्याने जो आकडा गळला तो टिपून ठेवावा. मग कागद आणि खडूचे आकडे जुळवून पाहावेत. कोणत्या दारापाशी बोलणे तुटते ते सर्वांना दिसेल. दुकानदाराने ती जागा नीट करावी. पुन्हा एकदा चालून पाहावे, आणि मग बिलावर सही करावी.